सातच्या पुढे कुणी जात नसे

आमच्या शेल्टरमध्ये कुठल्याच कुत्र्याचं वय सातच्या पुढे जात नसे. कुत्री म्हातारी व्हायची, दात पडायचे, मागचे पाय लटपटायचे, पण जाहिरातीत आकडा सात. फारच झालं तर 'सात-आठ'. तो आकडा लिहिणारा मी.

शेल्टर पुण्याबाहेर आहे. पत्र्याच्या दोन लांब शेड, मध्ये सिमेंटचं अंगण, कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात शिजणारा भात आणि कोंबडीच्या मुंड्या-पाय. पहिल्यांदा येणारा माणूस त्या वासानं फाटकाशीच थबकतो. मी गेली अकरा वर्षं दर रविवारी तिथं जातो. एरवी जाहिरात कंपनीत फ्लॅट विकणारा मजकूर लिहितो, म्हणून पहिल्याच रविवारी मला झाडूऐवजी वही मिळाली. "तुम्ही स्थळं लिहा." दत्तक द्यायच्या कुत्र्याच्या जाहिरातीला आमच्यात स्थळ म्हणतात. 'स्टेशनपासून सात मिनिटांवर' लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला 'वय सात' लिहायला कितीसा वेळ लागणार!

पिल्लांना माझी गरज नसते. पिल्लं वडापावसारखी जातात. पाय फेंगडे, पोटात जंत, अंगाला गोचीड, तरी बघणारा विरघळतो. लिहावं लागतं ते म्हाताऱ्यांसाठी. त्यातही काळ्या कुत्र्यांसाठी जास्त, कारण मोबाइलच्या फोटोत काळं कुत्रं म्हणजे नुसता अंधार आणि त्यात दोन डोळे. त्यावर आमचा उतारा म्हणजे गळ्यात पिवळा रुमाल, सकाळी नऊच्या आतलं ऊन, आणि कॅमेऱ्याच्या मागे पार्ले-जीचा पुडा सळसळवणारा एक माणूस. पुड्याचा आवाज झाला की कान टवकारतात आणि म्हातारा कुत्रा पाच सेकंद तरणा दिसतो. तेवढ्यात फोटो काढायचा. फोटोआधी अंघोळ घालण्याचा हट्ट मी सोडून दिलाय. अंघोळ झाली की तो आधी मातीत लोळून येतो आणि मगच पोझ देतो.

आता वयाचं. पिल्लाचं वय सांगणं सोपं असतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के बेचाळीस येतात. तोवर डॉक्टर आठवड्यांच्या हिशेबात बोलतात. पुढे सगळा अंदाजपंचे कारभार. दातांवरचं किटण, सुळ्यांची झीज, नाकाभोवतीची पांढरी झाक, आणि डोळे. सातेक वर्षांनंतर डोळ्यातल्या भिंगावर निळसर राखाडी छटा येऊ लागते. बघायला आलेले हटकून विचारतात, "मोतीबिंदू का हो?" बहुतेक वेळा तो मोतीबिंदू नसतो. वयानं भिंग घट्ट होतं, नजर बरीचशी शाबूत राहते. दात मात्र फसवतात. साखळी आणि दगड चावत दिवस काढलेल्या कुत्र्याचे सुळे चौथ्या वर्षीच आजोबांसारखे झालेले असतात. डॉक्टर तोंड उघडून बघायचे, "दहा. अकराही असेल," म्हणायचे, कागदावर तसं लिहायचे. तो कागद फायलीत जायचा आणि माझ्या वहीत सात यायचे. यात कुणालाच वावगं वाटायचं नाही. लग्नाच्या स्थळात उंची इंचभर वाढवतात, तसंच हे.

ही म्हातारी येतात कुठून, तर बहुतेक रात्री येतात. सकाळी फाटक उघडावं तर दांडीला बांधलेला लॅब्रॅडॉर, शेजारी घडी घातलेली गादी, स्टीलचं ताट, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीकरणाची फाईल. फाईलच्या पहिल्या पानावरचा मालकाचा नाव-पत्ता तेवढा फाडलेला. अशी नीटनेटकी फाईल बघितली की मला जास्त राग येतो. जनावराला असं उपाशी-तहानलेलं सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. गाडी चुकीच्या जागी लावली तर याहून जास्त जातात.

काही ब्रीडरकडून सुटलेल्या माद्या असतात. आचळं जमिनीला लोंबणारी, नखं वळलेली, जिना म्हणजे काय ते माहीत नसलेल्या. पिल्लं देणं थांबलं की त्यांचा खर्च परवडत नाही. नसबंदी न झालेल्या अशा वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. एक तर ताप अंगात घेऊनच फाटकाशी आली होती, त्याच दुपारी शस्त्रक्रिया करावी लागली. मग चपट्या नाकाचे पग. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे जाणारा पग आला आणि घरोघर पग हवा झाला. माझ्याच धंद्याची करणी. त्या पगांना उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत कुठून असणार?

आणि हल्ली नवा प्रकार, रिडेव्हलपमेंटचा. जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा-बारा वर्षं राहिलेला गावठी. कानाला नसबंदीची खाच, वॉचमनच्या खुर्चीखाली कायमची जागा. नसबंदी करून जिथून उचललं तिथंच सोडायचं, असा नियम आहे. पण तिथं आता चाळीस फूट खोल खड्डा असतो. बिल्डर सगळ्या सभासदांना बाहेर राहण्याचं भाडं देतो. हा सभासद नसतो.

म्हाताऱ्या जनावरांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि फोर्टमध्ये दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभॉय यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पुढे 'पांजरपोळात टाकलं' हे माणसांबद्दलही म्हणायला लागले, तो भाग वेगळा.

तर अशाच एका सकाळी फाटकाशी एक तपकिरी कुत्रा सापडला. नाकाभोवती पांढरा, उजवा कान अर्धा तुटलेला. पट्टा होता, फाईल नव्हती. असा नाव नसलेला कुत्रा आला की आमच्याकडे बारशाचा उलटा कार्यक्रम होतो. सगळे गोल बसतात आणि नावं वाचतात: मोती, राजा, टॉमी, शेरू, ब्रूनो, वाघ्या, टायगर. एक माणूस फक्त कानांवर नजर ठेवतो. खरं नाव निघालं तर कान वळतोच. याचा कान तासभर हलला नाही. मराठीत 'बस' म्हटलं, हिंदीत 'बैठो' म्हटलं, इंग्रजीत 'सिट' म्हटलं. तो आमच्याकडे असा बघत होता की जणू परराष्ट्र खात्याच्या रांगेत उभा आहे. चार दिवस गेले. बहिरा ठरवून टाकला. पाचव्या दिवशी पाण्याचा टँकर आला. त्याचा विजापूरकडचा ड्रायव्हर पाइप सोडता सोडता सहज म्हणाला, "बा इल्ली." कुत्रा उठला, लंगडत त्याच्याकडे गेला आणि त्याच्या पायांवर डोकं टेकवून उभा राहिला. 'इकडे ये' एवढाच त्याचा अर्थ. ड्रायव्हरनं आणखी चार शब्द टाकले, कुत्रा बसला, पुढचा पाय दिला. आमचे शेड सांभाळणारे मामा म्हणाले, "चार दिवस आपण याला मंद समजत होतो, आणि हा आपल्याला." त्याचं नाव तात्पुरतं अण्णा पडलं आणि तेच राहिलं. डॉक्टर म्हणाले अकरा. मी लिहिलं, 'अण्णा. वय सात. उत्तम कंडिशन. शांत. कानडी समजतं.'

कोण घर देतं म्हाताऱ्याला? मलाही पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं की दयाळू लोक देत असतील. तसं नसतं. दयेनं नेलेलं कुत्रं महिन्याभरात परत येतं, असं मामांचं मत आहे आणि त्यांचं मत मी आजवर खोटं पडलेलं पाहिलं नाही. परत आलेल्यांसाठी वेगळं रजिस्टर आहे. कारणांचा रकाना वाचण्यासारखा: 'केस फार गळतात', 'कामवालीवर भुंकतो', 'सून गरोदर आहे', 'वास्तूवाल्यांनी नको सांगितलं', आणि एक नुसतंच, 'खेळत नाही'. टिकतात ती गरजेनं नेलेली. आमच्याकडे एक ठार बहिरा कुत्रा होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही आळीपाळीनं शेडमध्ये बसतो. कुत्री भिंतीला चिकटतात, लघवी करतात, थरथरतात. माणसापेक्षा दुपटीहून वरच्या पट्टीचे आवाज त्यांना ऐकू येतात, आपल्या कानापलीकडची शिट्टीही त्यांच्या डोक्यात शिरते. त्या गदारोळात हा बाबा पोटावर पाय ठेवून घोरत पडलेला. त्याला नेलं ते मंगल कार्यालयाला लागून घर असलेल्या कुटुंबानं. आधीची दोन कुत्री बँड आणि फटाक्यांनी वेडीपिशी झाली होती. "आम्हाला बहिराच हवा," म्हणाले. असं स्थळ मला लिहून सुचलं नसतं.

देण्याआधी आम्ही घर बघायला जातो. लोकांना वाटतं, आम्ही श्रीमंती बघतो. आम्ही फरशी बघतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी हा म्हाताऱ्या कुत्र्याचा पहिल्या नंबरचा शत्रू. मागच्या पायांत जोर नसतो, तो घसरतो, एकदा घसरला की घाबरून उठतच नाही, आणि घरच्यांना वाटतं पायच गेले. औषधाआधी मामा पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या योगा मॅट अंथरायला सांगतात. अर्ध्या 'लुळ्या' कुत्र्यांना मॅटनंच चालवलंय. बाकी बाल्कनीची जाळी, लिफ्ट, आणि घरातलं कोण गप्प बसलंय ते बघायचं. गप्प बसलेल्या माणसाला कुत्रं नको असतं आणि शेवटी कुत्र्याला फिरवायचं त्याच्याच गळ्यात पडणार असतं.

नेल्यानंतरचे फोनही ठरलेले. तीन दिवस जेवत नाही, कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. आम्ही सांगतो: तीन दिवस घाबरलेला, तीन आठवडे पाहुणा, तीन महिन्यांनी घरचा. हे काही शास्त्र नाही, पण धीर द्यायला पुरतं. आणि दर वर्षी एक-दोन फोन अपरात्री येतात, रडत. "त्याला पॅरालिसिस झाला. मान वाकडी झालीय, डोळे भिरभिरताहेत, उठला की पडतो, उलट्या होताहेत. त्याला झोपवायला सांगा, बघवत नाही." आता मी पलंगावर उठून बसायच्या आत विचारतो, "बुबुळं लंबकासारखी या टोकाकडून त्या टोकाकडे जाताहेत का?" हो म्हणाले की अर्धा जीव भांड्यात पडतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत आतल्या कानाचा तोल अचानक बिघडतो, दिसायला थेट अर्धांगवायू. डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण कधी दुसरं काही निघतं. पण बहुतेक दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा फिरायला जातो. मान किंचित कललेली राहते, कायम काहीतरी शंका विचारल्यासारखी. त्या एका रात्री घाई केली असती तर, असे निदान चार कुत्रे मला माहीत आहेत.

अण्णाच्या स्थळासाठी फोन आला नाही. एका रविवारी कोथरूडहून एक आजोबा आले. निवृत्त मुख्याध्यापक, छत्री बरोबर, वय शहात्तर. लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवं होतं. मामा सरळ बोलतात. "पिल्लू बारा वर्षं जगतं, आजोबा. तुम्ही शहात्तर. हिशेब मांडा." मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. आजोबा काही बोलले नाहीत. भिंतीवर माझी स्थळं चिकटवलेली होती, ती एकेक करून वाचत गेले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "इथं सगळे सातचेच दिसतात. माझंही सातच लिहा की."

मामा एवढे हसले की शेडमधली कुत्री भुंकायला लागली.

मग आजोबा अण्णाच्या कागदापाशी थांबले. "हे 'उत्तम कंडिशन' काय आहे? कंडिशन गाडीची असते. 'प्रकृती चांगली' लिहा." मी पेन काढलं. "आणि कानडी समजतं म्हणजे?" मी टँकरवाल्याची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले. "आमच्या हिचं माहेर धारवाडचं. चाळीस वर्षं घरात कानडी ऐकली. मला सगळं कळायचं, पण मी कधी बोललो नाही. उच्चार चुकले की ती आणि मुलं हसायची." अण्णा पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. आजोबा जाळीजवळ वाकले, इकडेतिकडे बघून कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाले, "बा इल्ली." उच्चार बरोबर होता की नाही, मला काय कळणार! अण्णा उठला. त्याला उठायला वेळ लागतो. आधी पुढचे पाय, मग थांबा, मग मागचे. आजोबा तोवर वाकलेलेच होते. फॉर्म भरताना ते म्हणाले, "तो अकराचा तरी आहे. माझे डोळे गेलेले नाहीत." मी काही न बोलता शिक्का मारला.

त्याच हिवाळ्यात सोनी गेली. सोनी म्हणजे ब्रीडरकडची लॅब्रॅडॉर, माझ्या लेखी सात वर्षांची. एका आईनं आणि सहावीतल्या मुलीनं तिला नेलं होतं. फोटो यायचे: सोनी सोफ्यावर, सोनी वाढदिवसाची टोपी घालून. दहा महिन्यांनी निरोप आला, झोपेतच गेली. पुढच्या रविवारी दोघी आल्या, सोनीचं ताट आणि गादी शेल्टरला द्यायला. आम्ही भांडणाची तयारी ठेवली होती. आई गाडीपाशीच थांबली. मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तिचं खरं वय किती होतं?"

मी म्हणालो, बघावं लागेल. तिनं "बघा," म्हटलं आणि उभी राहिली. फाईल काढावी लागली. डॉक्टरांच्या अक्षरात बारा लिहिलं होतं. तिनं स्वतः वाचलं. "मी धरलं होतं की ती माझी दहावी होईपर्यंत राहील," ती म्हणाली. "लॅब बारा वर्षं जगतात ना. बारातून सात गेले पाच." ती रडली नाही, चिडलीही नाही. गणित कुठे चुकलं ते शोधून काढलं आणि आईकडे परत गेली. ताट मी हातात घेऊन तसाच उभा होतो. त्याच्या कडेला तिनं नेलपॉलिशनं 'सोनी' लिहिलं होतं, 'नी'ची वेलांटी लांब ओढून शेपटीसारखी केलेली.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरचे सगळे कागद काढले आणि फाईल बघून पुन्हा लिहिले. दहा. अकरा. नऊ. बारा. मामा म्हणाले, आता कुणी फिरकणार नाही. फोन खरंच कमी झाले. पण जे यायचे त्यांचे प्रश्न बदलले. 'गोंडस आहे का?' असं कुणी विचारत नसे. 'गोळ्या किती, कितीच्या, गुळात घालून खातो का?' असं विचारायचे. परतीच्या रजिस्टरला गेल्या वर्षी नवीन वही लागली नाही.

अण्णा साडेतीन वर्षं जगला. आजोबांनी त्याचा एकही फोटो पाठवला नाही, दर दिवाळीला पोस्टकार्ड मात्र यायचं. त्यात प्रकृती, वजन, आणि 'आज्ञाधारक आहे, मात्र गव्हाची खीर दिसली की ओळख विसरतो' असं काहीबाही. गेल्या श्रावणात चार ओळींचं कार्ड आलं. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. मी पुन्हा केला नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. आवाज खणखणीत.

"तुमच्या भिंतीवर तेरा वर्षांचा एक आहे म्हणे. खरंच तेरा, की तुमचे तेरा?"

"डॉक्टर म्हणतात चौदाही असेल."

"मग चौदा लिहा. मी आता एक्याऐंशीत आहे, मामांना म्हणावं हिशेब मांडून ठेवा. रविवारी येतो." फोन ठेवला असं वाटेपर्यंत ते थांबले. मग विचारलं, "कानडी येतं का त्याला?"